जुन्या गाडीला कूलंटची ओव्हरफ्लो बाटली: तीन लावून बघितल्या, एक राहिली

गाडी १९६७ ची, चार सिलिंडर, तांब्या-पितळेचा रेडिएटर, त्यावर सात पीएसआयची (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) कॅप, आणि ओव्हरफ्लो बाटली कंपनीकडून आलेलीच नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांना नसायचीच. रेडिएटरच्या गळ्याला एक बारीक नळी, ती खाली जमिनीकडे सोडलेली, गाडी तापली की जास्तीचं पाणी तिथून रस्त्यावर. बाबा ही गाडी चालवायचे तेव्हा रोज सकाळी कॅप उघडून आत बोट घालून लेव्हल बघायचे आणि मगच किल्ली लावायचे. गाडी माझ्याकडे आल्यावर मीही तेच करत राहिलो, पण आत साध्या पाण्याच्या जागी कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण) आलं तेव्हापासून ते रस्त्यावर सांडलेलं हिरवं डबकं मला बघवेना. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, वर चवीला गोड, त्यामुळे कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर थोड्यावरही जीव जातो. म्हणून ठरवलं की बाटली बसवायचीच. वाटलं होतं एका दुपारचं काम आहे. दीड वर्षात तीन बदलल्या तेव्हा कुठे नीट बसलं, तर हे सगळं सविस्तर लिहितोय कारण जे मला शेवटी कळलं ते पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आधी ही भानगड चालते कशी ते सांगतो, कारण विकत घेताना सगळा गोंधळ इथेच होतो. कूलंट तापलं की फुगतं. निम्मं पाणी निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण थंड असल्यापासून ९० अंशांपर्यंत गेलं की चार-पाच टक्के तरी वाढतं. रेडिएटर काठोकाठ भरलेला असेल तर त्या वाढलेल्याला जागा नाही, दाब चढतो, कॅपची स्प्रिंग दबते आणि जास्तीचं कूलंट बारीक नळीतून बाहेर. गाडी थंड झाली की उलटं, आतलं कूलंट आकसतं, थोडी पोकळी तयार होते, कॅपच्या मधोमध जी छोटी झडप असते ती उघडते आणि बाहेरून जे मिळेल ते आत ओढलं जातं. नळी हवेत असेल तर हवा ओढली जाते, नळीचं टोक बाटलीत कूलंटमध्ये बुडलेलं असेल तर तेच कूलंट परत येतं. बाटलीचं काम एवढंच. ती काही गाडी जास्त थंड करत नाही, पण रेडिएटर कायम पूर्ण भरलेला ठेवते आणि हवा आत येऊ देत नाही, आणि बिडाचा जुना ब्लॉक असेल तर हवा आत न येणं ही फार मोठी गोष्ट आहे, कारण गंज पाण्याइतकाच त्या हवेतल्या ऑक्सिजनने येतो.

बाटली केवढी घ्यायची हे मी अंदाजाने नाही ठरवलं, मोजलं, आणि तुम्हीही मोजा, सोपं आहे. थंड गाडीत रेडिएटर काठापर्यंत भरला, कॅप लावली, त्या बारीक नळीचं टोक मापाच्या भांड्यात सोडलं (भांडं फॅनपासून लांब ठेवा) आणि गाडी पूर्ण तापेपर्यंत चालू ठेवली. माझ्या गाडीत एकूण कूलंट साडेसात लिटर, भांड्यात आलं साधारण सव्वातीनशे मिली. म्हणजे हिशोब बरोबर जुळला. पंधरा लिटरची मोठी व्ही-८ (आठ सिलिंडरची) असेल तर हाच आकडा साडेसहाशेच्या पुढे जाईल. आता बाटलीत हे सव्वातीनशे तर मावायलाच पाहिजेत, शिवाय थंड असताना तळाशी नळीचं टोक बुडेल एवढं कूलंट आधीपासून असायला पाहिजे, आणि वर थोडी मोकळी जागा. माझ्यासाठी एक लिटरच्या खालची बाटली म्हणजे ओढाताण होती. व्ही-८ वाल्यांनी दोन लिटरच्या आसपास बघावी.

पहिली घेतली ती अ‍ॅल्युमिनियमची. चौकोनी, पॉलिश केलेली, बाजूला लेव्हल बघायला उभी पारदर्शक नळी, एक लिटरची. फोटोत इतकी देखणी की दुसरं काही बघितलंच नाही. हातात आल्यावर पण छान वाटली, वेल्डिंग वरून एकसारखं. तोंडातून टॉर्च मारून आत बघितलं तर तळाला धातूचा कीस आणि वेल्डिंगचे बारीक मणी. तीन वेळा गरम पाण्याने खळखळून धुतली, तिसऱ्या वेळेलाही दोन कण निघाले. हे जर धुतलं नसतं तर तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसलं असतं, त्यामुळे धातूची टाकी कुठलीही घ्या, आतून धुतल्याशिवाय लावू नका.

पण कीस हा छोटा दोष. मोठा दोष तिच्या झाकणात होता. त्या टाकीवर साधं झाकण नव्हतं, सोळा पीएसआयची प्रेशर कॅप होती. मला तेव्हा वाटलं मजबूत आहे, चांगलंच आहे. लावली, गाडी फिरवून आणली, आणि परत आल्यावर हीटरच्या (गाडीत गरम हवा देणारा, त्यातूनही कूलंट फिरतं) नळीच्या तोंडाशी ओल दिसली, जी आजवर कधी नव्हती. क्लॅम्प आवळला. दुसऱ्या दिवशी परत ओल, आणि आता रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या सोल्डरच्या शिवणीवर पण हिरवट रेघ. तेव्हा थांबलो आणि कागद घेऊन बसलो.

हिशोब असा आहे बघा. टाकी एक लिटरची, थंड असताना आत तीनशे मिली कूलंट, म्हणजे सातशे मिली हवा. गाडी तापली, सव्वातीनशे मिली आणखी आलं. झाकण सोळा पीएसआयचं, म्हणजे हवेला बाहेर जायला वाटच नाही, सातशेची हवा पावणेचारशेच्या जागेत दाबली गेली, म्हणजे टाकीत बारा-तेरा पीएसआय दाब. आणि रेडिएटरची सातची कॅप उघडायची तर तिला आता स्वतःच्या स्प्रिंगचे सात आणि पलीकडून ढकलणारे हे बारा-तेरा, असा दोन्हीचा जोर सोसून उघडावं लागणार. म्हणजे सातसाठी बनवलेल्या, साठीच्या आसपास वय झालेल्या रेडिएटरवर वीसच्या घरात दाब. शिवण उकलली नाही हे नशीब. एका शोभेच्या टाकीपायी मी बाबांच्या गाडीचा मूळ रेडिएटर घालवून बसलो असतो, हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

त्यामुळे खरेदीआधी एवढं एक पक्कं डोक्यात ठेवा की या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक असते ओव्हरफ्लो किंवा रिकव्हरी बाटली, तिच्यात दाब नसतो, वरून हवेला मोकळं भोक असतं, प्रेशर कॅप रेडिएटरवरच राहते. दुसरी एक्स्पान्शन टाकी, ती दाबाखाली असते, प्रेशर कॅप तिच्यावर असते, तिच्यातून कूलंट फिरतं किंवा निदान ती जाड होजने पंपाच्या बाजूला जोडलेली असते, आणि ती सगळ्या यंत्रणेत सर्वात उंच जागी बसवावी लागते. दुसरी वस्तू वाईट नाही, कित्येक गाड्यांना मुळातूनच तशी आहे, जग्वारच्या ई-टाइपला रेडिएटरपासून वेगळी हेडर टाकी आहे, साठच्या दशकातल्या कॉर्व्हेटला अ‍ॅल्युमिनियमची सर्ज टाकी होती. पण ज्या गाडीच्या रेडिएटरलाच कॅप आहे तिला पहिली पाहिजे. विकणारे दोन्हींना सर्रास एकच नाव लावतात, माझ्या टाकीच्या माहितीत तर दोन्ही शब्द एकाच ओळीत होते. तेव्हा नाव वाचू नका, झाकण बघा. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असेल आणि तुमच्या रेडिएटरलाही स्वतःची कॅप असेल तर ती टाकी तुमच्यासाठी नाही.

मी ते झाकण काढून भोक असलेलं साधं झाकण बसवलं आणि चार-पाच महिने तीच टाकी वापरली. पण ती बाजूची पारदर्शक नळी दोन महिन्यांत आतून धुरकट झाली, लेव्हल दिसेना, आणि मग ब्रॅकेटच्या वेल्डिंगपाशी केसाएवढी चीर पडली. जुन्या चार सिलिंडर इंजिनची थरथर आणि टाकीला खालून आधार नाही, दोनच कान स्क्रूने पत्र्याला आवळलेले, दुसरं काय होणार. मध्ये रबरी वॉशर टाकले असते तर कदाचित टिकली असती. रेडिएटर सकाळी थोडा रिकामा सापडायचा, तो दोष मी या चिरेला दिला. तो तिचा नव्हता, पण ते मला पुढच्या टाकीने दाखवलं.

दुसरी स्टेनलेस स्टीलची, उभी गोल नळकांड्यासारखी, पाच सेंटीमीटर व्यासाची आणि तेहेतीस सेंटीमीटर उंच. रेडिएटरच्या कडेला उभी अशी बसते की जणू गाडीबरोबरच आली. बनावट उत्तम, आत कीस नाही, क्लॅम्पला रबर लावलेलं, खाली नळीचं तोंड, वर हवेसाठी वेगळं तोंड, झाकण साधं. या वस्तूला मी मनापासून चांगलं म्हणेन. पण दोन गोष्टी. मापाने ती बाहेरूनच साडेसहाशे मिलीच्या आत भरते, म्हणजे सव्वातीनशेचा चढ-उतार आणि तळाचं कूलंट धरलं की उन्हातल्या लांब चढावर वरून ओघळ येणारच, आणि दोनदा आलाही. आणि स्टील असल्यामुळे आत किती आहे ते दिसत नाही. झाकण उघडून काडी घालून बघावं लागतं. मग बाबांचं बोट आणि माझी काडी यात फरक काय राहिला? बाटली लावली ती यासाठीच ना की बॉनेट उघडलं की नुसत्या नजरेने कळावं. लहान इंजिनाला, चार-पाच लिटर कूलंटवाल्याला, आणि बॉनेटखाली मूळ रूप न बिघडवता काही हवंय त्याला ही घ्यायला हरकत नाही.

या टाकीत काडी घालून रोज मोजायला लागलो तेव्हा खरी गोष्ट उघड झाली. गाडी तापली की टाकीत कूलंट यायचं, बरोबर तेवढंच, पण रात्रभर थंड होऊनही परत जायचंच नाही! दुसऱ्या दिवशी आणखी थोडं यायचं. टाकी भरत चाललेली आणि रेडिएटर रिकामा होत चाललेला. नळी तपासली, कुठे गळत नाही. आठवडाभर मी टाकीवरच संशय घेत होतो आणि दोष होता कॅपमध्ये.

आता हे नीट वाचा, कारण सगळ्या लेखात उपयोगाचं हेच आहे. जुन्या गाडीची मूळ रेडिएटर कॅप ही बाटली नसलेल्या पद्धतीसाठी बनवलेली असते. तिला खाली एकच रबर असतं, जे गळ्याच्या आतल्या कडेवर बसून दाब धरतं. वरच्या झाकणाखाली, म्हणजे गळ्याच्या वरच्या काठावर जे टेकतं तिथे, रबर नसतं, नुसता पत्रा असतो. बाटली नसताना त्याने काही बिघडत नाही, कारण तसंही हवाच आत जायची. पण बाटली लावली की पोकळी तयार झाल्यावर रेडिएटरला दोन वाटा मिळतात, एक नळीतून जड कूलंट वर खेचायची आणि दुसरी झाकणाच्या फटीतून हलकी हवा ओढायची, आणि तो सोपी वाट धरतो. बाहेर जाताना कूलंट नळीतून जातं, आत येताना हवा येते. टाकी लाखमोलाची लावा नाहीतर साधा डबा लावा, वरचं रबर नसलेल्या कॅपसोबत दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य.

तेव्हा बाटली शोधण्याआधी कॅप शोधा. उलटी करून बघा, दोन रबरं दिसली पाहिजेत, एक खालच्या तबकडीला आणि एक वर झाकणाच्या आतून. मधली छोटी झडप नखाने ओढून बघा, सहज उघडून परत बसली पाहिजे. दाबाचा आकडा तुमच्या मूळ कॅपचाच घ्या, सातची असेल तर सातचीच. मला दोन जणांनी सांगितलं की आता बदलतोच आहेस तर पंधराची टाक, उकळबिंदू वाढेल. वाढतो हे खरं आहे, सातच्या दाबाला साधं पाणी सुमारे १११ अंशांना उकळतं आणि पंधराला सुमारे १२१ ला, पण ज्या शिवणी आणि जो हीटर सातसाठी बनलाय त्याला पंधरा सोसायला लावणं हा तापण्यावरचा इलाज नाही, गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट बघा, फॅनचा पट्टा बघा. आणि गळ्याची खोली मोजूनच कॅप घ्या. काही रेडिएटरचा गळा वरच्या काठापासून आतल्या कडेपर्यंत पाऊण इंच असतो आणि काही जुन्यांचा पूर्ण एक इंच. एक इंचाच्या गळ्यात पाऊण इंचाची कॅप घातली तर ती फिरून घट्ट बसल्यासारखी वाटते पण खालचं रबर टेकतच नाही, दाब धरलाच जात नाही. याच्या उलट केलं तर कॅप लागतच नाही, जोर करून लावली तर गळा वाकतो. माझा गळा एक इंची निघाला, त्यामुळे दोन रबरांची एक इंची सातची कॅप शोधायला टाकीपेक्षा जास्त वेळ लागला. गळ्याचा वरचा काठ पण बघून घ्या, इतक्या वर्षांत पक्कड-पान्याचे ठोके बसून तो कुठेतरी दबलेला असतो, माझा एका बाजूला होता, तो हलक्या हाताने सरळ करून बारीक पॉलिश पेपरने घासून घेतला.

नवी कॅप लावल्यावर पहिल्याच रात्री कूलंट परत गेलं. सकाळी काडी घातली, लेव्हल खाली, रेडिएटर उघडला तर काठोकाठ. खूप आनंद झाला, खरंच सांगतो.

नळीबद्दल थोडं. सहा किंवा आठ मिलीमीटर आतला व्यास, तुमच्या गळ्याच्या तोंडाला घट्ट बसेल तो. मऊ पातळ प्लॅस्टिकची नळी नको, गरम कूलंट गेलं की ती लिबलिबीत होते आणि परत ओढताना स्वतःच चपटी होऊन वाट बंद करते. कूलंटसाठीची रबरी नळीच घ्या. दोन्ही टोकांना क्लिप लावा, कारण आता तिने फक्त पाणी सोडायचं नाहीये, ओढायचंही आहे, आणि एवढीशी फट राहिली तरी तिथून हवा येते. नळीला तीव्र वळण नको. आणि एक खूण लक्षात ठेवा: सकाळी थंड गाडीत रेडिएटरची मोठी होज आत खेचल्यासारखी चपटी दिसली तर एकतर नळी कुठेतरी दबलीय किंवा कॅपची मधली झडप अडकलीय, आत पोकळी आहे आणि परत यायला वाट नाही.

आता तिसरी, जी राहिली. पांढरट अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची बाटली, एका अलीकडच्या छोट्या गाडीची, सव्वा लिटरची, दाबाची नाही, साधी. दिसायला काहीच नाही, शेल्फवर ठेवली तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण कामाला हिच्यासारखी नाही. बाहेरून लेव्हल लख्ख दिसते, आतल्या कूलंटचा रंगसुद्धा दिसतो, तपकिरी व्हायला लागलं की लगेच कळतं. झाकणातूनच नळी आत तळापर्यंत जाते, त्यामुळे टोक कायम बुडलेलं राहतं. हे तपासून घ्या हं, काही बाटल्यांत नळी झाकणापाशीच संपते, मग कूलंट वरून पडतं पण परत ओढायला खाली पोहोचत नाही, तसली असेल तर आतून नळीचा तुकडा जोडून तळाच्या बोटभर वर आणा, अगदी तळाला टेकवू नका म्हणजे बसलेला गाळ ओढला जाणार नाही. आणि वर हवेचं भोक मोकळं आहे का तेही बघा, नवीन बाटलीत कधीकधी मोल्डिंगचा पापुद्रा तसाच असतो.

जागा मी रेडिएटरच्या शेजारी, आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर निवडली, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डजवळ (इंजिनातला गरम धूर गोळा करणारा लोखंडी भाग) प्लॅस्टिक ठेवू नका, आधी पिवळं पडतं मग कडक होऊन तडकतं, आणि गरम लोखंडावर कूलंट सांडणं धोक्याचं, ग्लायकॉल पेटू शकतं. दाब नसलेली बाटली रेडिएटरच्या गळ्यापेक्षा खाली असली तरी चालते, ओढली जातेच, पण फार खाली नको, कारण कूलंट जेवढं उंच खेचायचं तेवढी आत जास्त पोकळी लागते, सत्तर सेंटीमीटर चढवायचं तर जवळपास एक पीएसआय. माझी वीस-पंचवीस सेंटीमीटर खाली आहे, काही त्रास नाही. पत्र्याला नवीन भोकं पाडायची नव्हती म्हणून आधीपासून असलेल्या दोन बोल्टवर पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला, खाली आधाराला कप्पा आणि मध्ये रबर, म्हणजे उद्या काढायची झाली तर गाडी होती तशी परत. हे मला महत्त्वाचं वाटतं, आपल्या हातात असताना या गाड्यांना भोकं कमीत कमी पडावीत.

दिसण्याची अडचण होती ती ब्रॅकेटला मूळ बॉडीच्या काळ्या रंगाने रंगवून सोडवली, बाटली तशीच ठेवली. बाटली रंगवू नका, मग तिचा फायदाच गेला. ज्यांना जुनं रूपच पाहिजे त्यांनी काचेची बाटली पण बघावी. हे काही विचित्र नाही, १९६१ साली आलेल्या रेनॉ ४ ला बंद कूलिंग पद्धत होती आणि तिच्यात काचेचीच बाटली होती. काच पिवळी पडत नाही, गरम कूलंट पचवते, लेव्हल स्वच्छ दिसते, फक्त बसवताना खालून-वरून रबर पाहिजे आणि झाकण हवा जाऊ देणारं पाहिजे. मी एकाच्या गाडीत अशी बघितली, बॉनेटखाली फार शोभते. माझ्याकडे पानं-पक्कड हातातून निसटायच्या जागीच बाटली आहे म्हणून धाडस नाही केलं.

लावल्यावर पहिले चार-पाच दिवस असं करा. रेडिएटर थंड असताना पूर्ण काठापर्यंत भरा, आधी आपण वर बोटभर जागा सोडायचो ती सवय आता सोडायची, कारण ती जागा आता बाटलीत आहे. बाटली साधारण एक तृतीयांश भरा आणि त्या लेव्हलला बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावा. गाडी फिरवून आणा, लेव्हल वर गेलेली दिसेल. सकाळी परत पट्टीवर आली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस पट्टीच्या थोडी खाली येईल, कारण ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये अडकलेली हवा निघून जाते आणि तिची जागा बाटलीतलं कूलंट घेतं, तेवढं बाटलीत घाला. त्या दिवसांत सकाळी थंड असताना रेडिएटरची कॅपही उघडून बघा, नुसत्या बाटलीवर विसंबू नका. गरम असताना कॅपला हात लावायचा नाही हे सांगायला नको, तरी सांगतो. लेव्हल एकदा पट्टीवर स्थिर झाली की मग कॅप उघडायची गरज राहत नाही.

स्थिर झाली नाही तर ती काहीतरी सांगतेय. सकाळी लेव्हल पट्टीच्या वरच राहिली तर कॅपचं वरचं रबर किंवा नळीची क्लिप. रोज थोडी थोडी खालीच चालली तर कुठेतरी पाझर आहे, पाण्याच्या पंपाखाली आणि हीटरच्या नळ्यांशी बघा. आणि इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, हवा निघून गेल्यावरही थांबत नसतील, तर हेड गॅस्केटमधून (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं सील) सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये शिरत असण्याची दाट शक्यता आहे, गाडी पुढे न दामटता तपासून घ्या. आधी हे बुडबुडे गाडीखाली जमिनीवर निघून जायचे, दिसायचेच नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, दाब नसलेल्या रेडिएटरच्या गाड्यांना मात्र हे असंच लागू करू नका. फोर्ड मॉडेल टी सारख्या गाडीत कॅप म्हणजे नुसतं झाकण असतं, झडप नाही, हवाबंद गळा नाही, त्यामुळे बाटलीतून काही परत ओढलं जाणार नाही. तिथे बाहेर आलेलं गोळा करायला डबा लावता येतो, पण ते परत आपल्या हाताने ओतायचं.

माझ्या या बाटलीला आता सव्वा वर्ष झालं. एवढ्यात एकदाच शंभर मिलीच्या आसपास वरून घातलंय. प्लॅस्टिक किंचित पिवळसर झालंय पण लेव्हल दिसते. झाकणाचं रबर थोडं सैल झालं होतं, बदललं. एक खटकणारी गोष्ट म्हणजे ही बाटली वायपरच्या पाण्याच्या बाटलीसारखी दिसते, आणि एकदा सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिच्यात काचेचं साबणाचं पाणी भरून मिळालं. गाडी चालू करायच्या आधी मला दिसलं म्हणून ठीक, बाटली काढून धुतली आणि नवीन कूलंट भरलं. तेव्हापासून झाकणावर लाल रंगाने ठळक ‘कूलंट’ लिहिलंय आणि वायपरच्या बाटलीवर निळ्याने ‘काच’. बाटली कुठलीही लावा, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका.